उठल्यापासून झोपेपर्यंत

२ फेब्रुवारी

चि. गुंड्यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

आधी सगळ्यांची खबर दे, मग बाकीचं. तुझं ब्लडप्रेशर उतरलं का? गुडघे काय म्हणतात? वहिनीची कंबर कशी आहे? पोहण्याच्या तलावाच्या तिकीटखिडकीत ती दिवसभर त्या उंच स्टुलावर बसते, पाय लोंबकळत ठेवू नको म्हणावं, खाली लाकडी फळी ठेव. माझ्या भाचीचा, ठमीचा चष्मा बदलला का? डोळे बारीक करून वाचत असेल तर नंबर वाढलाय असं समजा. आणि जिन्याखालच्या त्या लंगड्या मांजराचं काय झालं?

मी ठणठणीत. शाळेच्या गणवेशांचं काम आलंय, मशीन दिवसभर घरघरतंय. वय झालं की माणूस शहाणा होतो म्हणतात, माझे तर पायसुद्धा शहाणे झाले. पूर्वी दुकानातल्या फरशीवर पाय ठेवला की कळ डोक्यात जायची, आता थंडीबिंडी काही वाजत नाही. तहान मात्र लागते. मशीनशेजारी तांब्याच भरून ठेवते.

गुंड्या, तुझी काळजी वाटते रे. दोन वर्षं झाली, दर वेळी एक गोळी वाढते आणि प्रेशर तिथल्या तिथे. लहानपणी माझ्या डब्यातली एवढी मोठी गुंडी कुरकुर न करता गिळलीस म्हणून तर तुझं हे नाव पडलं. आता गोळी गिळायला काय होतंय? वेळेवर घेतोस ना?

अक्का

११ फेब्रुवारी

ती. अक्कास सा. न.

पत्र वाचून तुझ्या वहिनीने लगेच फळी शोधली. ठमीचा नंबर खरंच वाढलाय, तू इतक्या लांबून कसं ओळखतेस कोण जाणे. मांजराला पिल्लं झाली, म्हणजे ते मांजर नव्हतं, मांजरी होती.

गोळ्या वेळच्या वेळी चालल्या आहेत, तू काळजी करू नकोस. परवा हृदयवाल्या डॉक्टरांकडे गेलो होतो. पट्टा बांधला, आकडा बघितला, मान हलवली आणि आणखी एक गोळी लिहून दिली. मी शर्टाची बाही खाली करेपर्यंत पुढचा माणूस आत आला होता. किडनीवाल्यांनी पुढच्या महिन्यात बोलावलंय. गुडघेवाल्यांनी दुखायची गोळी चालू ठेवायला सांगितलीय. तेवढी एक गोळी मला मनापासून आवडते. तिच्याशिवाय शिडी चढवत नाही.

बाकी माझं कसं, सकाळी क्रेनवर चढायचं, संध्याकाळी उतरायचं. वर तुझ्यासारखं घरघरणारं कोणी नाही. वारा सुटला की केबिनमध्ये एक पत्र्याचा डबा खुळखुळतो, तेवढीच सोबत.

पुढच्या महिन्यात ही क्रेन खोलून नव्या साइटवर उभी करणार आहेत. तिथे चढायच्या आधी आमची तपासणी आहे. प्रेशर उतरलं नाही तर मला कायमचं उतरवतील. अक्का, इतकी वर्षं आभाळात बसलेला माणूस गेटवर पावत्या फाडत बसला तर कसा दिसेल सांग.

तुझा गुंड्या

३ मार्च

चि. गुंड्यास आशीर्वाद.

तू पावत्या फाडत बसणार नाहीस. मी जिवंत आहे तोवर नाही.

सोबत एक पार्सल पाठवते आहे, ते वहिनीच्या हातात द्यायचं, तू उघडायचं नाही. गणवेशांच्या निळ्या कापडातून एक लांब पट्टी शिवलीय. वाराप्रमाणे खिसे, प्रत्येक वाराला सकाळचा वेगळा, दुपारचा वेगळा, रात्रीचा वेगळा. प्रत्येक खिशाला काज आणि गुंडी. स्वयंपाकघराच्या दारामागे टांगायची. वहिनीने आठवड्याच्या गोळ्या भरून ठेवायच्या आणि खिसा रिकामा झाला की गुंडी उघडी ठेवायची, म्हणजे एका नजरेत कळेल. काज हाताने घातलेत बरं का, मशीनचे नाहीत.

ही पट्टी शिवताना एक गंमतच झाली. माझी हिरव्या डोक्याची टाचणी हरवली. मी टाचण्यांच्या बाबतीत किती काटेकोर आहे तुला ठाऊक आहे. गिऱ्हाइकाच्या कपड्यात टाचणी राहिली तर शिंप्याने तोंड दाखवू नये. सगळं दुकान पालथं घातलं, लोहचुंबक फिरवलं, शेवटी नाद सोडला. कुठे जाईल, मिळेल पायाखाली कधीतरी.

वहिनी, आता सगळं तुझ्यावर. भावाचा मला भरवसा नाही. समोर उभी राहा, पाणी दे, आणि गिळल्यावर तोंड उघडून दाखवायला लाव. मी याला लहानपणी असंच औषध पाजलंय.

अक्का

१४ मार्च

ती. अक्कांना सा. न.

पट्टी मिळाली. शेजारणी बघायला आल्या होत्या, दोघींनी तर माप विचारलं. तुमच्या हाताला तोड नाही.

क्रेन खोललीय, त्यामुळे हे सध्या घरीच आहेत. आयतीच संधी मिळाली. पट्टी दारामागे टांगली तेव्हा हे तिच्याकडे बघतच राहिले. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणाले, काही नाही, अक्काने फार मेहनत घेतली. डोळ्यांत पाणी होतं हो यांच्या. बहिणीची माया, दुसरं काय.

तुम्ही सांगितलंत तसंच करते. सकाळी खिडकीवर जायच्या आधी समोर उभी राहून देते, दुपारचं ठमी बघते, रात्रीचं पुन्हा मी. हे कुरकुरतात, "मी काय कुक्कुलं बाळ आहे?" मी म्हणते, "अक्कांचा हुकूम आहे, आ करा."

ठमी रोज गुंड्या मोजते. सगळ्या उघड्या. तपासणीच्या आधी आकडा खाली आणूच.

तुमची वहिनी

१८ मार्च

अक्का,

घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर माफ करा.

हे पडले. परवा सकाळी खुर्चीतून उठले, "डोळ्यांपुढे अंधार आलाय" म्हणाले, आणि मी वळेपर्यंत बेसिनच्या कडेवर कपाळ आपटून खाली. रक्त बघून ठमी किंचाळली. मला वाटलं, संपलं.

आता हॉस्पिटलमध्ये आहेत. शुद्धीवर आहेत, बोलतात. पण प्रेशर वाढलेलं नव्हतं, अक्का. इतकं खाली गेलं होतं की नर्सने दोनदा पट्टा बदलला, तिला वाटलं यंत्र बिघडलं. दोन वर्षं जे हटत नव्हतं ते असं कसं कोसळलं? किडनीलाही दणका बसलाय म्हणतात. लघवी होत नाहीये. रोज रक्त काढतात.

डॉक्टर मला विचारत होते, गोळ्या जास्त दिल्यात का, चुकून दोनदा दिल्यात का. मी पर्समधून चिठ्ठी काढून दाखवली. चिठ्ठीत होत्या तेवढ्याच. त्यातली एकही चुकवली नाही मी. एकही नाही. मग हे असं का झालं?

यांना विचारलं तर भिंतीकडे तोंड करतात.

वहिनी

२१ मार्च

वहिनी,

पत्र उभ्यानेच वाचलं आणि मशीनवर बसले ती तशीच बसून राहिले. गिऱ्हाईक हाका मारून गेलं म्हणे, मला पत्ता नाही.

माझीच पट्टी. माझ्याच हातचे काज. मी काय शिवलं गं हे?

तू स्वतःला एका शब्दाने दोष देऊ नकोस. तू केलंस ते माझ्या सांगण्यावरून, आणि मी सांगितलं ते चिठ्ठीवरून. मग चूक शिरली कुठून? माझी तर मती गुंग झालीय.

लगेच निघणार होते. पिशवीही भरली. पण दोन दिवस अंगात कणकण आहे, डोकं जड आहे, गाडीत बसवेलसं वाटत नाही. धसकाच घेतलाय, दुसरं काही नाही. तू माझ्याकडे बघू नकोस, त्याच्याकडे बघ. आणि त्या भिंतीकडे तोंड करणाऱ्याला म्हणावं, अक्का विचारते आहे, काय लपवतोयस?

अक्का

२८ मार्च

ती. अक्कास सा. न.

कपाळावर टाके आहेत, पण हात चांगला आहे. किडनी पुन्हा कामाला लागलीय. आता लपवत नाही. तू बसून वाच.

अक्का, गेली दोन वर्षं मी प्रेशरच्या गोळ्या घेतच नव्हतो.

तू क्रेन खालून बघितलीस, वरून नाही. केबिन एका माणसाची. शिडी इतकी उंच की एकदा चढलो की सुट्टी होईपर्यंत खाली उतरायचं नाही, खाली सगळं काम खोळंबतं. मग लघवीचं काय? सगळे क्रेनवाले करतात तेच मीही करायचो, बाटली ठेवायचो. कोणी विचारत नाही, कोणी सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी केबिनमध्ये कॅमेरा बसवला, आमच्याच सुरक्षेसाठी. खाली ऑफिसात पडद्यावर चोवीस तास माझा चेहरा. ऑफिसात मुली बसतात, ठमीच्या वयाच्या. सांग, काय करू?

मी पाणी सोडलं. सकाळचा चहा सोडला. आणि त्याच सुमाराला डॉक्टरांनी पहिली गोळी दिली, ती नेमकी लघवीची. एकदाच घेतली. त्या दिवशी वर मी जे भोगलं ते तुलाही लिहवत नाही. त्यानंतर ती सोडली. मग कोणती गोळी कशाची हे कळेना म्हणून सगळ्याच सोडल्या. फक्त गुडघ्याची ठेवली.

औषध फेकवत नाही, आईने शिकवलेलं. म्हणून रोज खिशातून वर न्यायचो आणि पत्र्याच्या डब्यात टाकायचो. वारा आला की खुळखुळायचा तो तोच डबा.

डॉक्टर आकडा बघायचे, गोळी वाढवायचे. मी हो म्हणायचो. नाही म्हटलं असतं तर "औषध घेत नाही" असा शेरा बसला असता आणि केबिन गेली असती. मग तुझी पट्टी आली. न घेतलेल्या गोळ्यांवर वाढवलेल्या गोळ्या, सगळ्या एकदम पोटात, वर गुडघ्याची. मला भीती वाटत होती गं. पण तुझी वहिनी पाण्याचा पेला घेऊन समोर उभी, तिला काय सांगू, की दोन वर्षं खोटं बोललो? तोंडातून खरं बाहेर येण्यापेक्षा गोळी आत गेलेली बरी वाटली.

इथे एक डॉक्टरीणबाई आहेत. हातात फाइल न घेता आल्या, स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "मला घाई नाही. उठल्यापासून झोपेपर्यंत तुमचा दिवस सांगा." मी सांगत गेलो. चढतो, बसतो, उतरतो. त्या म्हणाल्या, "मग मध्ये लघवीला कुठे जाता?"

अक्का, हृदयवाले झाले, किडनीवाले झाले. हा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता. मी रडलो. सगळं सांगितलं. वहिनी शेजारीच होती, हे मी विसरूनच गेलो होतो. तिने एवढंच विचारलं, "डबा कुठे आहे?"

तुझा गुंड्या

३ एप्रिल

गुंड्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, तुझ्या मुस्कटात द्यावी. दुसऱ्यांदा त्या कॅमेऱ्याच्या. तिसऱ्यांदा माझ्याच.

अरे, माणूस मेला असता! बायकोच्या हातून, बहिणीच्या पट्टीने, डॉक्टरांच्या चिठ्ठीने, सगळ्यांच्या मायेने मेला असता. आणि आम्ही रडत म्हटलं असतं, औषधपाणी तर किती चोख होतं.

शिंप्याच्या भाषेत सांगते. बाही एकाने शिवली, कॉलर दुसऱ्याने, पाठ तिसऱ्याने. शर्ट होईना म्हणून प्रत्येक जण आपापला तुकडा उसवून पुन्हा शिवतोय. टेप घेऊन अंगाचं माप घ्यायचं मात्र सगळे विसरले. पहिलं माप घेतलं ते त्या बाईंनी. त्यांना माझा नमस्कार सांग. त्यांच्यासाठी एक ब्लाउज शिवेन म्हणावं, माप पाठवा.

मी तरी वेगळं काय केलं? दर पत्रात प्रेशर विचारलं. तुझा दिवस कसा जातो, हे कधी विचारलं नाही. मला वाटायचं, वर वारा मस्त असेल.

वहिनीशी नीट वाग. ती गप्प आहे ना, ते तुझ्या खोटेपणापेक्षा जड आहे. डबा तिच्याच हातात दे.

माझी कणकण अधूनमधून येते. लोकांना ऋतू बदलला की होतंच. नवी गंमत सांगू का? माझी चप्पल चालताना फरशीवर टकटक वाजते. एका पायाचीच. शेजारची म्हणते, अक्का घोडा झाल्या. खडा रुतला असेल, बघेन कधीतरी, वाकायचा कंटाळा येतो. आणि हल्ली मशीनचं पायडल कुठे आहे ते खाली बघून पाय ठेवावा लागतो. म्हातारपण, अजून काय!

पुढे काय ठरलं ते कळव.

अक्का

१६ एप्रिल

ती. अक्कास सा. न.

घरी आलो. डबा साइटच्या सामानातून मिळाला. तुझ्या वहिनीने तो टेबलावर ठेवला, झाकण उघडलं, आत बघितलं आणि पुन्हा लावलं. मग दोन वर्षांत पहिल्यांदा ती माझ्यावर ओरडली. ठमी खोलीत जाऊन बसली. शेवटी वहिनी म्हणाली, "तुमच्यापेक्षा ती मांजरी बरी, निदान म्याव तरी करते." तेव्हा मला कळलं की आता जमेल.

डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून विचारलं, "तुमच्या दिवसात काय बसेल ते तुम्ही सांगा, मग आपण ठरवू." गुडघ्याची गोळी आधी बंद केली. ती प्रेशर वाढवते आणि किडनीवरही येते म्हणे, ते कोणी एकत्र बघितलंच नव्हतं. गुडघ्यासाठी व्यायाम दिलाय, ठमी मास्तरीण झालीय. प्रेशरची एकच गोळी, लहान, लघवीची नाही. पाणी पुन्हा प्यायला लागलो. संध्याकाळी वहिनीबरोबर तलावापर्यंत चालत जातो. आकडा घरीच मोजतो. अगदी हवा तसा नाही, पण शहाण्यासारखा वागतोय.

त्यांनी साइटला पत्र दिलं, त्यावर मी सही केली. खरी गोष्ट अशी, की बाकीच्या क्रेनवाल्यांनीही खाली सह्या केल्या. एकही मागे राहिला नाही. आता मधल्या वेळी बदली माणूस चढेल आणि क्रेनवाला खाली उतरेल. मी वर जाणार की नाही ते तपासणीनंतर. तोवर जमिनीवरून झेंडा दाखवतोय. खालून क्रेन फार उंच दिसते गं.

आता तुझं. हसत हसत डॉक्टरीणबाईंना तुझ्याबद्दल सांगत होतो. ब्लाउज शिवणार म्हणाली, पायांना थंडी वाजत नाही, पायडल बघून पाय ठेवते, तांब्याभर पाणी पिते, चप्पल घोड्यासारखी वाजते. मी हसलो. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "त्यांची शुगर कधी तपासली होती?" अक्का, प्रत्येक पत्रात तू आमच्या मांजरापर्यंत सगळ्यांची चौकशी करतेस, आणि स्वतःबद्दल एकच शब्द, ठणठणीत. मीही तसंच लिहायचो ना, वेळच्या वेळी चालल्या आहेत म्हणून.

त्यांनी निरोप दिलाय, मी जसाच्या तसा लिहितो. "पत्र मिळेल त्याच दिवशी उजेडात बसून, आरसा धरून, दोन्ही तळपाय बघा. मग चप्पल उलटी करून बघा."

आणि माझा प्रश्न असा. अक्का, उठल्यापासून झोपेपर्यंत तुझा दिवस सांग. मला घाई नाही.

तुझा गुंड्या

२० एप्रिल

चि. गुंड्या,

तुझं पत्र वाचून मला राग आला. म्हटलं, आला मोठा डॉक्टर, स्वतः डबा भरून बसला होता आणि मला शिकवतोय. पत्र बाजूला ठेवलं, चार काज घातले. मग उठले, गिऱ्हाइकांचा आरसा खाली घेतला, भिंतीला टेकवला आणि त्याच्यासमोर फरशीवर बसले.

डावा पाय ठीक होता.

उजवा माझा आहे असं वाटेना. टाचेच्या पुढे सुजलेला, लालनिळा, आणि त्यात टोचल्याचे बारीक ठिपके, जुने, नवे, एकावर एक. माझी टाचण्यांची उशी दिसते ना, तसा. एका जागी पू. मी बोट दाबून बघितलं. काहीच वाटलं नाही. दुखायला हवं होतं रे. मी पुन्हा दाबलं. काहीच नाही.

मग चप्पल उलटी केली. तळव्यात हिरवं डोकं चमकत होतं. माझी टाचणी. तीच फरशीवर वाजत होती. टोक वर आलं होतं, आत, जिथे मी रोज पाय घालायचे तिथे. तुझी पट्टी शिवली त्या दिवसापासून. सगळं दुकान शोधलं मी, आणि ती घेऊन फिरत होते.

शेजारणीने दवाखान्यात नेलं. शुगर भलतीच वाढलेली निघाली. कणकण येत होती ती पायाची होती. पाय वाचेल म्हणतात. म्हणजे पाय जाण्याचा प्रश्न होता, हे मला तेव्हा कळलं. रोज ड्रेसिंग आहे, मशीन बंद आहे, आणि पाय उशीवर ठेवून तुला लिहिते आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. उठते पहाटे. चहा घेते, त्यात साखर तीन चमचे, नंतर पुन्हा. मशीनवर बसते. जेवायचं राहतं, बिस्किटं खाते. पाणी पीत राहते, सारखं उठावं लागतं. दुपारी डोळे मिटतात, पण गिऱ्हाईक असतं. संध्याकाळी कोणी नसतं. मग तुमची पत्रं काढून वाचते आणि उत्तर मनात लिहीत बसते. पाय कधी बघितले नाहीत. कोणासाठी बघायचे?

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं.

ती निळी पट्टी अजून असेल तर धुऊन मला पाठव. माझ्यासाठी गोळ्या आल्या आहेत, आणि या खऱ्याच घ्यायच्या आहेत. टाचणी मी उशीत परत लावलेली नाही. खिडकीत ठेवलीय, नजरेसमोर.

वहिनीला, ठमीला आशीर्वाद, मांजरीच्या पिल्लांनाही. तपासणीत काय झालं ते कळव, आणि उत्तर लवकर लिही. पोस्टमनची वाट बघताना आता मी दारापर्यंत जाऊ शकत नाही, पण खिडकीतून सगळा रस्ता दिसतो.

अक्का